नेदरलँड्समधील शिलाथडगी: काय जपले गेले, काय निसटले

नेदरलँड्स हा देश दगडांसाठी ओळखला जात नाही. सपाट जमीन, कालवे, समुद्रबांध आणि त्यांच्या आड वसलेली गावे हे त्या देशाचे परिचित रूप. बांधकामासाठी तेथे शतकानुशतके विटा भाजल्या गेल्या, कारण खाणीतून काढावा असा दगड बहुतेक भागांत नाहीच. याच देशाच्या ईशान्येकडील ड्रेंटे प्रांतात मात्र शेतांच्या कडेला, ओक वृक्षांच्या सावलीत आणि माळरानावर प्रचंड शिळांच्या रांगा उभ्या असलेल्या दिसतात. दोन ओळींत रोवलेल्या शिळा आणि त्यांवर आडव्या टाकलेल्या त्याहून मोठ्या शिळा, अशी त्यांची रचना आहे. स्थानिक भाषेत त्यांना 'हुनेबेड' म्हणतात. ही नवाश्मयुगातील सामूहिक थडगी असून त्यांचे वय पाच हजार वर्षांहून अधिक आहे.

आज अशी ५४ थडगी शिल्लक आहेत. त्यांपैकी ५२ ड्रेंटेमध्ये आणि २ शेजारच्या ग्रोनिंगेन प्रांतात आहेत. पूर्वी ती याहून बरीच अधिक होती. शिळा उपटून नेल्यानंतर जमिनीत राहिलेल्या खड्ड्यांवरून नष्ट झालेल्या काही थडग्यांच्या जागा पुरातत्त्वज्ञांना निश्चित करता आल्या आहेत. जी वाचली, ती वाचण्यामागे १७३४ सालचा एक सरकारी हुकूम आहे. प्राचीन अवशेषांच्या रक्षणासाठी युरोपात काढण्यात आलेल्या अगदी आरंभीच्या हुकुमांमध्ये त्याची गणना होते. या हुकुमाने शिळा वाचल्या. परंतु थडगे म्हणजे केवळ शिळा नव्हेत, ही गोष्ट ध्यानात येण्यास आणखी दीडशे वर्षे जावी लागली आणि तोपर्यंत पुष्कळ काही हातचे गेले होते.

हिमनद्यांनी आणलेला दगड

खाणी नसलेल्या प्रदेशात वीस टनांच्या शिळा आल्या कोठून, हा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर हिमयुगात आहे. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियातून दक्षिणेकडे सरकलेल्या बर्फाच्या अजस्र थराने तेथील ग्रॅनाइट आणि नाइस जातीचे खडक आपल्यासोबत ओढत आणले. हवामान उबदार होऊन बर्फ वितळला तेव्हा हे धोंडे वाळू आणि चिकणमातीत मागे राहिले. ग्रोनिंगेनपासून एमेन शहरापर्यंत सुमारे ७० किलोमीटर पसरलेल्या होंड्सरुख नावाच्या बुटक्या उंचवट्यावर ते विशेष संख्येने आढळतात आणि बहुतेक शिलाथडगीही याच उंचवट्यावर किंवा त्याच्या आसपास आहेत. २०१५ पासून हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक भू-उद्यानांच्या यादीत आहे.

इ. स. पूर्व ३४०० च्या सुमारास येथे शेतकरी स्थिरावले होते. जंगल तोडून ते धान्य पिकवीत आणि गुरे पाळीत. वर रुंद होत जाणाऱ्या, नरसाळ्यासारख्या गळ्याच्या त्यांच्या मडक्यांवरून पुरातत्त्वज्ञांनी या लोकांना 'नरसाळी पेल्यांची संस्कृती' असे नाव दिले. त्यांचे भाईबंद उत्तर जर्मनी, डेन्मार्क, दक्षिण स्वीडन आणि पोलंडपर्यंत पसरलेले होते आणि त्यांपैकी अनेक ठिकाणी अशीच शिलाथडगी आढळतात. ड्रेंटेमधील थडग्यांचे बांधकाम काही शतकांपुरतेच चालले. इ. स. पूर्व २८५० च्या सुमारास ही संस्कृती लोपली, तरी नंतरच्या लोकांनीही काही थडग्यांमध्ये आपली मडकी ठेवल्याचे दिसून आले आहे.

पूर्वी थडगे कसे दिसत असे

आज दिसणारी रांग म्हणजे थडग्याचा सांगाडा आहे. मूळ थडगे निराळे दिसत असे. प्रथम उभ्या शिळांच्या दोन समांतर ओळी रोवल्या जात. शिळांची सपाट बाजू आतल्या अंगाला ठेवली जाई. दोन शिळांमधील फटी लहान दगडांनी बुजवल्या जात, जमिनीवर दगडगोटे अंथरले जात आणि त्यांवर भाजून फोडलेल्या ग्रॅनाइटची खडी पसरली जाई. वर आच्छादनशिळा चढवल्यानंतर ही संपूर्ण दालने वाळू आणि मातीच्या ढिगाऱ्याखाली झाकली जात. ढिगाऱ्याच्या कडेला शिळांचे वेढे घातले जात. आत जाण्याची वाट बहुधा दक्षिणेकडील लांब बाजूच्या मध्यावर, एका आखूड बोळातून असे. बाहेरून पाहणाऱ्यास दिसत असे ती गवताने आच्छादलेली एक लांबट टेकडी आणि तिच्या कुशीतील एक अंधारे तोंड.

शिळा हलवल्या कशा, याविषयी तज्ज्ञांचा कयास असा की, गोल ओंडके, दोर, तरफ आणि बैलांचे बळ यांचा उपयोग झाला असावा. आच्छादनशिळा चढवण्यासाठी वाळूचा उतार रचून त्यावरून त्या वर ओढण्यात आल्या असाव्यात. चाक नुकतेच कोठे युरोपात माहीत होऊ लागले होते आणि धातूची हत्यारे जवळपास नव्हतीच. बुइनेन गावाजवळच्या थडग्यात तांब्याच्या दोन लहान सर्पिलाकार वस्तू मिळाल्या. नेदरलँड्समध्ये आढळलेल्या सर्वांत जुन्या धातूच्या वस्तूंमध्ये त्यांचा समावेश होतो.

सर्वांत मोठे थडगे बोर्गर गावाच्या कडेला आहे. सूचीतील त्याचा क्रमांक 'डी २७' आहे. त्याची लांबी २२.६ मीटर असून त्यावर नऊ आच्छादनशिळा आहेत. त्यांपैकी सर्वांत जड शिळेचे वजन वीस टनांहून अधिक भरते. भारलेल्या दोन मालमोटारींएवढा हा भार पाच हजार वर्षे जागचा हललेला नाही.

राक्षसांची शय्या

'हुनेबेड' या शब्दातील 'हुने' म्हणजे राक्षस किंवा महाकाय पुरुष आणि 'बेड' म्हणजे शय्या. एवढे धोंडे सामान्य माणसाच्या हातून हलणे शक्य नाही, तेव्हा हे काम राक्षसांचेच, असा लोकांचा समज होता. कूफोर्डेन येथील धर्मोपदेशक योहान पिकार्ट यांनी १६६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच समज विद्वत्तेच्या थाटात मांडला. महाकाय पुरुष शिळा रचत असल्याची चित्रेही त्यात होती आणि ती पुढे फार काळ लोकांच्या मनात घर करून राहिली.

भारतीय वाचकाला यात काही नवे वाटणार नाही. दक्षिण भारतातील अनेक शिलाथडगी 'पांडवांची' म्हणून ओळखली जातात. कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यातील हिरेबेणकल येथील शिलागृहांचा संबंध मात्र लोकांनी बुटक्या माणसांच्या एका जमातीशी जोडला आणि त्या डोंगराला 'मोर्येर गुड्डा' असे नाव पडले. एकीकडे शिळांच्या आकारावरून राक्षस कल्पिले गेले, तर दुसरीकडे आतल्या जागेच्या आखूडपणावरून बुटके. बांधणारे आपल्यासारखेच लोक होते, ही शक्यता दोन्हीकडे कोणाला सुचली नाही. भारतातील ही थडगी लोहयुगातील, म्हणजे ड्रेंटेमधील थडग्यांहून बरीच अलीकडची आहेत आणि दोन्ही परंपरांचा परस्परांशी काही संबंध नाही, हे येथे नमूद करावयास हवे. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिळावर्तुळे पाहिलेल्या वाचकांचा असा समज होणे स्वाभाविक असले, तरी तो बरोबर नाही.

राक्षसांच्या कल्पनेला पहिला हादरा देण्याचे श्रेय एका कवयित्रीकडे जाते. फ्रिसलँडची टिटिया ब्रोंगर्स्मा १६८५ च्या उन्हाळ्यात बोर्गर येथे आपल्या नातलगाकडे आली होती. तिने जूनमध्ये तेथील मोठ्या थडग्यात खोदकाम करविले. आत मडकी आणि जळालेली हाडे निघाली. हवेचा स्पर्श होताच मडक्यांचे तुकडे झाले, असे त्या काळच्या वृत्तांतात म्हटले आहे. ग्रोनिंगेन येथील वैद्य लुडोल्फ स्मिड्स यांनी या शोधाविषयी लिहिले आणि टिटियानेही त्यावर कविता रचली. राक्षसांच्या शय्येत माणसांची राख असल्याचे यातून दिसून आले. नेदरलँड्समधील पहिल्या नोंदलेल्या उत्खननांपैकी हे एक मानले जाते. ते एका स्त्रीने केले, ही गोष्ट त्या देशाच्या पुरातत्त्वाच्या इतिहासात पुढे फार काळ जेमतेम उल्लेखापुरती राहिली.

समुद्रबांध पोखरणारा जीव

या थडग्यांचे भवितव्य ठरवणारी घटना ड्रेंटेपासून दूर, समुद्रकिनाऱ्यावर घडली. नेदरलँड्सचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि बांध हाच त्याचा आधार आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी हे बांध मातीचे असत आणि समुद्राच्या बाजूस लाकडी खांबांची भिंत लाटांचा मारा झेलीत असे. १७३१ च्या सुमारास झेलँडमधील वेस्टकापेले येथे हे खांब मोडू लागले. तपासणी केली असता ते आतून चाळणीसारखे पोखरले गेल्याचे आढळले. पुढील दोन वर्षांत उत्तरेकडील बांधांवरही तेच दृश्य दिसू लागले.

हा उद्योग 'तेरेडो' या सागरी जीवाचा होता. दिसायला तो अळीसारखा असला तरी प्रत्यक्षात तो शिंपल्याच्या कुळातील आहे. त्याचे कवच डोक्याकडील दोन लहान पात्यांपुरते उरलेले असते आणि त्या पात्यांनी तो लाकूड किसत आत शिरतो. बाहेरून सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते. आत मात्र बोटाएवढी बिळे तयार झालेली असतात. लाकडी नौकांना हा जीव जगभर त्रास देत आला आहे. नेदरलँड्समध्ये त्याने संपूर्ण देशाच्या सुरक्षिततेचा प्रश्न उभा केला. अनेकांना हा ईश्वरी कोप वाटला आणि प्रार्थनामंदिरांतून तसे सांगितलेही गेले.

बांधांचे अधिकारी मात्र दुसरा उपाय शोधीत होते. लाकूड टिकत नसेल तर दगड वापरावा, हा निर्णय झाला आणि बांधांच्या समुद्राकडील उतारावर दगड रचण्याचे काम सुरू झाले. त्यासाठी परदेशांतून जहाजे भरून दगड आणला गेला. परंतु देशातच फुकट पडलेला दगड होता तो ड्रेंटेमध्ये. एरवी नांगराला आडवे येणारे धोंडे अचानक विकण्याजोगा माल ठरले. गावकरी शेतातील धोंडे खणून काढून गाड्यांनी बंदराकडे पाठवू लागले. सुटे धोंडे संपत आले तेव्हा नजर गेली ती गावांच्या सीमा दाखवणाऱ्या शिळांकडे आणि शिलाथडग्यांकडे.

ड्रेंटेच्या प्रशासनाने २१ जुलै १७३४ रोजी हुकूम काढून या दोन्ही प्रकारच्या शिळा काढून नेण्यास मनाई केली. सीमाशिळांचे कारण उघड होते. त्या नाहीशा झाल्या तर गावागावांत जमिनीचे तंटे उद्भवले असते. शिलाथडग्यांना असे कोणतेच व्यवहारी महत्त्व नव्हते. पूर्वजांच्या काळची स्मारके म्हणून ती राहावीत, एवढ्याच भूमिकेतून त्यांचा समावेश करण्यात आला. त्याआधी स्वीडनने १६६६ मध्ये प्राचीन अवशेषांच्या रक्षणासाठी राजाज्ञा काढली होती. ब्रिटनमध्ये असा पहिला कायदा होण्यास १८८२ साल उजाडले, तर भारतात प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा १९०४ मध्ये झाला. ही वर्षे लक्षात घेता, मुख्यतः शेतकरी आणि मेंढपाळ राहत असलेल्या एका गरीब प्रांताने काढलेल्या या हुकुमाचे महत्त्व ध्यानात येते.

हुकूम निघाला म्हणून दगड नेणे तत्काळ थांबले, असे मात्र झाले नाही. रस्ते आणि इमारतींच्या पायांसाठी शिळा फोडल्या जात राहिल्या. अनेक थडग्यांवरील आच्छादनशिळा आज दिसत नाहीत. शिळेत ओळीने छिद्रे पाडून ती फोडण्याचे प्रयत्नही झाले आणि अर्धवट सोडलेल्या अशा छिद्रांच्या खुणा काही शिळांवर आजही पाहावयास मिळतात.

दुरुस्तीने केलेले नुकसान

एकोणिसाव्या शतकात गावांच्या सामाईक माळरानांची वाटणी होऊ लागली. सामाईक जमीन खाजगी झाली की तिच्यावरील थडगेही मालकाचे, असा प्रश्न उभा राहिला. त्यामुळे १८७० च्या सुमारास राष्ट्रीय सरकारने आणि ड्रेंटे प्रांताने बहुतेक शिलाथडगी विकत घेतली. मालकीचा प्रश्न मिटला. पाठोपाठ डागडुजीचे काम निघाले.

येथे एक घोर चूक झाली. थडग्यांभोवती आणि शिळांच्या निम्म्या उंचीपर्यंत वाळूचे ढीग होते. ही वाळू वाऱ्याने उडून येऊन साठली असावी आणि शिळा मुळात मोकळ्याच उभ्या असाव्यात, असे दुरुस्ती करणाऱ्यांनी गृहीत धरले. थडगी 'मूळ रूपात' आणण्यासाठी त्यांनी ती वाळू उपसून टाकली. प्रत्यक्षात ती वाळू म्हणजे थडगे बांधणाऱ्यांनीच रचलेल्या टेकडीचा अवशेष होती. तिच्यासोबत मडक्यांचे तुकडे, कडेच्या शिळांच्या खुणा आणि टेकडी कितीदा रचली गेली हे सांगू शकणारे थरही गेले. चोरांनी शिळा नेल्या होत्या. रक्षणकर्त्यांनी उरलेले नेले, असे म्हणावे लागते.

हा प्रकार परदेशी अभ्यासकांच्या लक्षात आधी आला. ब्रिटिश म्युझियमचे ऑगस्टस वॉलस्टन फ्रँक्स यांनी १८७१ मध्ये ड्रेंटेला भेट देऊन या दुरुस्तीवर टीका केली. त्यानंतर १८७८ मध्ये विल्यम लुकिस आणि सर हेन्री ड्रायडेन हे दोन इंग्रज अभ्यासक मुद्दाम तेथे गेले. आणखी काही नष्ट होण्याआधी आहे त्याची नोंद व्हावी, या हेतूने त्यांनी थडग्यांची मोजमापे घेतली, आराखडे काढले आणि सापडलेल्या मडक्यांची रंगचित्रे केली. त्यांच्या या नोंदी आजही संशोधनात उपयोगी पडतात.

व्हान गिफन यांचे काम

शिलाथडग्यांचा पद्धतशीर अभ्यास केला तो ग्रोनिंगेनचे पुरातत्त्वज्ञ अल्बर्ट व्हान गिफन यांनी. १९१८ मध्ये त्यांनी थडग्यांची पाहणी केली आणि १९२५ पासून त्यांचा मोठा ग्रंथ आराखड्यांच्या संग्रहासह प्रसिद्ध झाला. आज वापरात असलेले 'डी १', 'डी २७', 'डी ५४' हे क्रमांक त्यांचेच. यातील 'डी' हे अक्षर ड्रेंटेचे आहे, तर ग्रोनिंगेनमधील थडग्यांना 'जी' हे अक्षर आहे.

आराखडे किती मोलाचे ठरू शकतात, याचा प्रत्यय दुसऱ्या महायुद्धात आला. जर्मन सैन्याने हावेल्टे गावाजवळ विमानतळ उभारला होता. तेथील 'डी ५३' हे मोठे थडगे युद्धाच्या अखेरच्या काळात पाडण्यात आले आणि त्याच्या शिळा खोल खड्ड्यात पुरण्यात आल्या. व्हान गिफन यांनी याच थडग्याचे १९१८ मध्ये उत्खनन केले होते आणि प्रत्येक शिळेची जागा आराखड्यात नोंदवलेली होती. त्या आधारे १९४९-५० मध्ये शिळा वर काढून थडगे पुन्हा उभारण्यात आले. आज तेथे जाणाऱ्यास काही घडले होते अशी शंकाही येत नाही. शेजारचे 'डी ५४' मात्र जागचे हलवण्यात आले नव्हते.

व्हान गिफन यांचे सर्वच निर्णय आजच्या निकषांवर उतरतील असे नाही. स्खोनोर्ड गावाजवळील 'डी ४९' ची १९५९ मध्ये पुनर्रचना करताना त्यांनी एक अभिनव कल्पना राबवली. थडग्याचा अर्धा भाग त्यांनी उघडा ठेवला आणि उरलेला अर्धा मूळ पद्धतीने फटी बुजवून, वर माती घालून झाकला. परंतु त्यासाठी लागणाऱ्या शिळा मोडकळीस आलेल्या 'डी ३३' या दुसऱ्या थडग्यातून आणण्यात आल्या आणि ते थडगे सूचीत केवळ क्रमांकापुरते उरले. एकाला पूर्ण करण्यासाठी दुसरे संपवणे आज कोणी मान्य करणार नाही. तथापि, टेकडीसह थडगे कसे दिसत असे हे सामान्य प्रेक्षकाला समजते ते याच ठिकाणी, हेही खरे. या थडग्याचे लोकांतील नाव 'पाद्रीविना चर्च' अशा अर्थाचे आहे. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या काळात मेन्सो आल्टिंग या सुधारकाने येथे उघड्यावर प्रवचने दिली, अशी परंपरागत समजूत आहे.

हाडे नाहीत, मडकी आहेत

या थडग्यांत कोणाला पुरले, किती जणांना आणि कशा रीतीने, या प्रश्नांची उत्तरे इतर देशांत हाडांवरून मिळतात. ड्रेंटेमध्ये ती वाट जवळपास बंद आहे. तेथील वाळूमिश्रित जमीन आम्लधर्मी असल्याने न जळालेली हाडे तिच्यात विरघळून जातात. शिल्लक राहतात ते भाजलेल्या हाडांचे बारीक तुकडे, गारेच्या कुऱ्हाडी, बाणांची टोके, अंबराचे मणी आणि मडकी. एकट्या 'डी ५३' मध्ये सहाशेहून अधिक मडक्यांचे अवशेष मिळाले. मडक्यांवरील नक्षी काळानुसार बदलत गेली. तिच्या आधारे अ‍ॅना ब्रिंडली या संशोधिकेने १९८० च्या दशकात सात टप्प्यांची मांडणी केली. एखादे थडगे किती पिढ्या वापरात होते, हे आता प्रामुख्याने याच मांडणीवरून ठरवले जाते. अशा स्थितीत एकोणिसाव्या शतकात उपसून टाकलेल्या वाळूतील खापरांचे मोल किती होते, हे वेगळे सांगावयास नको.

शिलाथडग्यांत गावातील प्रत्येकाला जागा मिळत असे काय, हाही प्रश्न दीर्घकाळ चर्चेत आहे. २०१५ मध्ये ड्रेंटेच्या दक्षिणेस डाल्फसेन येथे, घरबांधणीपूर्वीच्या उत्खननात याच संस्कृतीचे मोठे दफनस्थान उघडकीस आले. तेथे शंभराहून अधिक साधी थडगी होती. ती दगडाविना, जमिनीत खणलेली होती. हाडे तेथेही उरलेली नव्हती. परंतु काही खड्ड्यांत कुजून गेलेल्या देहांची आकृती मातीच्या रंगातील फरकावरून ओळखता आली आणि त्यांच्याजवळ ठेवलेली मडकी जागच्या जागी होती. प्रचंड शिळा दिसतात म्हणून त्यांनाच या लोकांची एकमेव दफनपद्धती मानण्याची सवय या शोधाने मोडली. वर कोणतीही खूण नसलेली अशी दफनस्थाने कोणत्याही हुकुमाच्या कक्षेत कधी आली नव्हती. १७३४ च्या लोकांना त्यांची कल्पनाही असणे शक्य नव्हते.

ग्रोनिंगेनमधील 'जी ५' या थडग्याची कथाही अशीच आहे. समुद्राची पातळी वाढत गेली तसे ते दलदलीच्या आणि गाळाच्या मातीखाली गेले आणि वर माणसांनी वस्तीसाठी भराव घातला. त्यामुळे कोणाच्याही दृष्टीस न पडता ते १९८० च्या दशकापर्यंत टिकले. औद्योगिक विस्तारासाठी जागा मोकळी करताना ते सापडले. जागच्या जागी ठेवणे शक्य नसल्याने ते उचलून संग्रहालयात नेण्यात आले.

आजची व्यवस्था

राष्ट्रीय पातळीवर ही थडगी १९६१ च्या स्मारक कायद्याखाली आणि पुढे १९८८ च्या कायद्याखाली संरक्षित होती. २०१६ पासून त्यांना वारसा कायद्याचे संरक्षण आहे. शिळा हलवणे तर दूरच, परिसरात परवानगीशिवाय खोदकाम करणेही गुन्हा आहे. ज्या जमिनीत थडगे उभे आहे ती जमीनही आता स्मारकाचा भाग मानली जाते. १७३४ च्या हुकुमात आणि आजच्या कायद्यात मुख्य फरक हाच आहे. नवे उत्खननही शक्यतो टाळले जाते. अधिक चांगली साधने हाती येतील तेव्हासाठी जे मातीत आहे ते मातीतच राहू द्यावे, असे आता पुरातत्त्वज्ञांचे धोरण आहे.

बहुतेक ठिकाणी कुंपण नाही, तिकीट नाही आणि पहारेकरीही नाही. गावातील मुले पिढ्यान्‌पिढ्या या शिळांवर चढत आली आहेत आणि पर्यटकही छायाचित्रासाठी चढतात. चढू नये असे आता सांगितले जाते. त्याहून मोठी चिंता शेकोट्यांची आहे. शिळेला लागून पेटवलेल्या विस्तवामुळे ग्रॅनाइट असमान तापतो, त्याला तडे जातात आणि कपचे उडतात. पाच हजार वर्षे ऊन, पाऊस आणि हिम सोसलेली शिळा एका रात्रीच्या शेकोटीने फुटू शकते. बोर्गर येथे 'डी २७' शेजारीच शिलाथडग्यांना वाहिलेले संग्रहालय असून थडग्यांतून निघालेली मडकी आणि कुऱ्हाडी तेथे, तसेच आसेन येथील प्रांतिक संग्रहालयात पाहता येतात.

थडगी पाहावयास जाणाऱ्याने शिळांसोबत जमिनीकडेही पाहावे. काही ठिकाणी गवतात बसवलेले सिमेंटचे सपाट ठोकळे दिसतात. त्या जागी पूर्वी शिळा उभी होती आणि ती कोणी तरी नेली. पुनर्रचना करताना व्हान गिफन यांनी अशा जागी दुसरी शिळा आणून उभी करण्याऐवजी उत्खननात सापडलेला खड्डा भरून त्यावर ही खूण केली. त्यांपैकी एखादी शिळा आजही उत्तर समुद्राच्या काठी एखाद्या बांधात असू शकेल.